कबूल किती, जमा किती

हवामान परिषदेला जायचं तर पैसे लागतात, हे सगळ्यांना कळतं. पण पैशाच्या आधी बॅज लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या या वार्षिक परिषदेत, म्हणजे कॉपमध्ये, जिथे खऱ्या वाटाघाटी चालतात त्या ब्लू झोनमध्ये कुणालाही उठून जाता येत नाही. तिथे देशांचे प्रतिनिधी, पत्रकार आणि मान्यता मिळालेल्या निरीक्षक संस्थांची माणसं जातात. संस्थेला ठरावीक जागा मिळतात, संस्था नावं कळवते आणि मग तुम्ही ईमेलची वाट बघत बसता. बाहेरचा ग्रीन झोन सगळ्यांना खुला असतो. तिथे प्रदर्शनं, व्याख्यानं, कंपन्यांचे चकचकीत मंडप.

दुबईची कॉप२८ परिषद ३० नोव्हेंबर २०२३ ला सुरू होणार होती. मुंबईतल्या एका संस्थेने आमची तीन नावं पाठवायची तयारी दाखवली. मी चिपळूणची. दुसरी श्रीवर्धनची, घरची नारळी-पोफळीची वाडी. तिसरा खालापूरचा, डोंगर भटकणारा. १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतीचं सामान पाठीवर घेऊन वर चढलेल्या पोरांपैकी एक. तीन नावं गेली आणि दोन बॅज आले. खालापूरचा राहिला.

त्याने घरीच राहावं असं कुणी म्हटलं नाही, पण त्याच्यासाठी पैसे मागायचे तर लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न होताच. परिषदेच्या आधी, २६ ते २८ नोव्हेंबरला, दुबईतच जगभरच्या तरुणांची वेगळी परिषद होती. तिथून सगळ्यांच्या मागण्यांचं एकत्र निवेदन तयार होऊन कॉपकडे जातं. त्याचा तिथला अर्ज मंजूर झाला होता. तेव्हा तो तीन दिवस तिथे, पुढे ग्रीन झोनमध्ये, असं ठरलं. अडचण एवढीच की त्याच्याकडे पासपोर्टच नव्हता.

तत्काळमधून काढायचा तर नेहमीच्या १५०० रुपयांवर आणखी २००० भरावे लागतात. म्हणजे आमचा पहिला खर्च ३५०० रुपये. वर्गणी सुरू व्हायच्या आधीच तो झाला आणि माझ्या मामेबहिणीने तो वहीच्या पहिल्या ओळीवर लिहिला.

या मामेबहिणीबद्दल सांगायला हवं. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. हवामानबदलाबद्दल तिला आमच्याइतका उमाळा नव्हता आणि दुबईला यायचं नव्हतंच. पण गावच्या गणपतीचा हिशेब तिचे वडील वर्षानुवर्षं ठेवत आलेत आणि ती त्यांच्या शेजारी बसून शिकलेली. तिच्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने असतात, ‘कबूल’ आणि ‘जमा’. लोक उत्साहाने आकडा सांगतात तो पहिल्या रकान्यात जातो. हातात पैसे पडले की दुसऱ्यात. “पहिला रकाना बघून तिकीट काढायचं नाही,” हे तिने पहिल्याच दिवशी बजावलं.

अंदाजपत्रक तिनेच करून घेतलं. तिकिटं, व्हिसा, विमा, तिथला प्रवास, जेवण. हॉटेलांचे त्या काळातले दर बघून आम्ही लॅपटॉप मिटला. दिरहम तेव्हा साडेबावीस रुपयांच्या पुढे होता आणि परिषदेच्या दिवसांत दुबईत खाट मिळवणंही महाग होतं. एका एजंटाने विमान आणि हॉटेल मिळून पॅकेज देऊ केलं. मामेबहिणीने विचारलं, यावर टीसीएस किती? १ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या नियमाने परदेशी सहलीच्या पॅकेजवर सात लाखांपर्यंत तेव्हा ५ टक्के कर आधीच कापून घ्यायचे. पुढे तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण आत्ता खिशातून जातो. तिकीट सुटं काढलं तर तो लागत नाही. एजंट म्हणाला, ताई, तुम्ही सीए आहात का?

हॉटेल रद्दच झालं. बर दुबई या दुबईतल्याच भागात राहणारं मूळ गुहागरकडचं एक कुटुंब ओळखीतून मिळालं. त्यांनी दिवाणखाना दिला. ते नसते तर पुढचं काहीच लिहायला उरलं नसतं. अशा प्रकारे तिघांचा मिळून अंदाज २ लाख ७० हजारांवर येऊन थांबला.

आता पैसे आणायचे कुठून? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा पैसा. कंपन्यांकडे एवढा निधी पडलेला असतो, एक पत्र टाका. आम्ही टाकली पत्रं. एका कंपनीतल्या सज्जन बाईंनी फोन करून समजावलं की कंपनी कायद्याखालचा सीएसआरचा पैसा भारताबाहेरच्या उपक्रमाला देताच येत नाही. त्याला अपवाद आहे तो देशासाठी खेळणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. खालापूरचा म्हणाला, मग आपण तिथे कबड्डी खेळू.

एक देकार मात्र आला. एका रासायनिक कारखान्याकडून, सीएसआरमधून नव्हे, जाहिरातीच्या पैशातून. निम्मा खर्च ते उचलणार, आम्ही त्यांचं नाव असलेले टी-शर्ट घालून परिषदेत फोटो काढायचे. यावर आमच्यात रात्रभर वाद झाला. एकजण म्हणत होता, पैसा पैसा असतो, आपण बोलायचं ते बोलूच. खाडीतल्या मासेमारीचं काय झालंय ते माझ्या आजोळच्या लोकांनी मला लहानपणापासून सांगितलेलं. त्या लोकांसमोर हा टी-शर्ट घालून मी उभी राहू शकले नसते. आम्ही नकार कळवला, पण एकमताने नाही. तो वाद अजूनही अधूनमधून उकरला जातो.

पुढची शाळा परदेशी पैशाची. माझी मावशी अमेरिकेत असते. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून डॉलरमध्ये चांगली रक्कम ठरवली होती. आम्ही आनंदात. तेवढ्यात ज्यांच्याकडे मामेबहीण उमेदवारी करायची त्या सीए काकांनी हात आडवा घातला. परदेशी नागरिकाकडून सामाजिक कामासाठी पैसे घ्यायचे तर परकीय देणगी नियमन कायदा, एफसीआरए, लागू होतो. त्याची नोंदणी हवी आणि दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खास खातं हवं. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ते परकीय ठरत नाहीत. म्हणजे दुबईच्या काकांचे चालतील, मावशीचे नाहीत, कारण ती आता अमेरिकन नागरिक आहे.

“अहो, पण सख्खी मावशी आहे माझी.”

“नातेवाईक कोण ते कायद्यात लिहिलंय. आई-वडील, भावंडं बसतात. मावशी बसत नाही.”

मावशीला हे सांगितल्यावर ती माझ्यावरच चिडली. आईने तिला फोनवर तासभर शांत केलं.

मग खातं कुणाचं, हा प्रश्न. आमचा गट म्हणजे एक व्हॉट्सअॅप ग्रुप. त्याला ना पॅन, ना बँक खातं. माझ्या बचत खात्यात लोकांनी पैसे टाकले आणि वर्षाला ते ५० हजारांच्या वर गेले, तर नातेवाईक नसलेल्यांकडून आलेली ती सगळी रक्कम माझं उत्पन्न धरली जाते. विद्यार्थिनीच्या खात्यात एवढे पैसे आले कुठून याचं उत्तर मग देत बसायचं. धर्मादाय ट्रस्टमार्फत घ्यावेत तर ट्रस्टने देशाबाहेर केलेला खर्च करसवलतीच्या हिशेबात वेगळा मोजतात. सीए काकांनी दोन्हीच्या मधून वाट काढून दिली. ओळखीच्या एका ट्रस्टने पासपोर्ट, विमा, तिकिटं असा इथेच होणारा खर्च थेट भरायचा. तिथल्या खर्चासाठीचे पैसे तिघांनी आपापल्या खात्यात, मर्यादा सांभाळून घ्यायचे. ट्रस्टची पावती करसवलतीची, तेव्हाच्या ८०जी कलमाखालची, पण रोख दोन हजारांच्या वर दिली तर देणाऱ्याला सवलत नाही. हे सगळं मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण आम्हाला ते कुठेही एकत्र सापडलं नव्हतं. तुम्ही निघालात तर आधी एक सीए गाठा. पोस्टर नंतर करा.

पोस्टरवरूनही भांडण झालंच. एका देणगी-संकेतस्थळावर आम्ही पान उघडलं. तिथून मदतीला फोन यायचा. आवाज गोड, सल्ला एकच: फोटो बदला. तिघांचा हसरा फोटो चालत नाही, म्हणे. पुरातला टाका, रडणारी म्हातारी असेल तर उत्तम. आमच्याकडे असे फोटो होते. २२ जुलै २०२१ चे माझ्याच फोनमध्ये आहेत. वाशिष्ठी आणि शिवनदी बाजारपेठेत शिरल्या तो दिवस. एसटी स्टँडात गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या आणि आगारप्रमुख तिकिटांची रोकड सांभाळत एका गाडीच्या टपावर बसून राहिले होते. हे चिपळूणात कुणालाही विचारा, सांगतील. पण तेव्हा आमच्या शेजारच्या आजी पत्र्यावर बसलेल्या असताना काढलेला फोटो मी त्यांना न विचारता दुबईच्या तिकिटासाठी लावायचा? श्रीवर्धनची म्हणाली, माझ्या वाडीचा लाव, पोफळी काही बोलत नाहीत. तो लावला. आडव्या पडलेल्या पोफळी, मागे समुद्र.

संकेतस्थळावर जमलं ते बहुतेक आमच्याच कॉलेजातल्या मुलामुलींनी टाकलेलं. १०१, २०१, एका सरांचे पाच हजार. त्यातून संकेतस्थळाचं शुल्क, त्यावर जीएसटी. अनोळखी माणसांचे पैसे जवळजवळ आलेच नाहीत आणि मला त्यांचा राग येत नाही. त्याच पानावर शेजारी कुणाच्या तरी बाळाच्या यकृताच्या शस्त्रक्रियेसाठी मदत मागितलेली असते. मीसुद्धा तिथेच पैसे टाकले असते.

गणपतीत काही मागायचं नाही, हे ठरलेलं होतं. तेव्हा प्रत्येक घर आधीच कात्रीत असतं. दसऱ्यानंतर मामेबहिणीचे वडील म्हणाले, मुंबईच्या मंडळाला विचारून बघा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कोकणातल्या बहुतेक गावांचं एक ग्रामस्थ मंडळ मुंबईत असतं. गिरण्यांच्या काळात खोल्या करून राहिलेल्या चाकरमान्यांनी उभी केलेली ही मंडळं. गावातलं देऊळ, शाळेची भिंत, पाण्याची टाकी, कुणाच्या आजारपणाचा खर्च असं सगळं या मंडळांनी वर्षानुवर्षं वर्गणीतून केलंय. परळच्या एका शाळेत रविवारी मंडळाची सभा होती. विषयपत्रिकेवर आम्ही शेवटून दुसरे, मंदिराच्या रंगकामानंतर.

लॅपटॉप, प्रोजेक्टर सगळं नेलं होतं. अध्यक्षांनी हाताने खूण केली, ते राहू दे. तोंडाने सांग.

मी सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यालाच मागून आवाज आला, “दुबईस जाऊन वाशिष्ठीतला गाळ निघणार हाय काय?”

सभागृह हसलं. मी थांबले, कारण हाच प्रश्न मला सगळ्यात आधी पडायला हवा होता असा. चिपळूणच्या लोकांनी गाळ काढण्यासाठी उपोषणं केली आहेत. पूररेषेवरून भांडणं चालू आहेत. कोयनेची वीज करून झाल्यावर सोडलेलं अवजल वाशिष्ठीत येतं, त्याचा पुराशी संबंध किती यावर प्रत्येक पानटपरीवर एक तज्ज्ञ बसलेला आहे. यातलं एकही काम दुबईत होणार नव्हतं. मी तसं सांगितलं. गाळ निघणार नाही. पण पाऊस एवढा एकदम का पडायला लागला आणि त्यात बुडालेल्या दुकानाचा खर्च कुणी द्यायचा, यावर तिथे बोलणी आहेत. आदल्या वर्षी इजिप्तमध्ये असा निधी करायचं ठरलं होतं. यंदा त्यात पैसे कोण टाकणार ते कळणार होतं.

“तुला कोण इचारणार तिथं?” दुसरे एक काका. गिरणीतून निवृत्त झालेले असावेत, पांढरा लेंगा-सदरा.

याचंही खरं उत्तर असं की फारसं कोणी नाही. निरीक्षकांना वाटाघाटीत मत नसतं. बसता येतं, काही बैठकांना तेही नाही. तरुणांचा म्हणून एक अधिकृत गट आहे, त्याच्या वतीने कधी दोन मिनिटं बोलायला मिळतात. आपल्या देशाच्या प्रतिनिधींना गाठता येतं, पत्रकारांना गाठता येतं. मी हे सांगत असताना श्रीवर्धनची उठली. ती सभेत सहसा बोलत नाही.

ती म्हणाली, निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमची वाडी पडली. आधी सरकारची मदत हेक्टरवर होती. आमच्याकडे हेक्टर कुठून असणार, गुंठे आहेत. मग ओरड झाल्यावर झाडावर आली. सुपारीच्या झाडाला ५० रुपये, नारळाला २५०. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं जातात. तोपर्यंत घर कशावर चालतं हे कुठल्याच कागदावर नसतं. ते कागदावर यावं असं मला वाटतं. बाकी मला काही बोलता येत नाही. आणि ती खाली बसली.

लेंगा-सदऱ्यातले काका म्हणाले, “लिवा माझे पाचशे.”

त्यानंतर आकडे येत गेले. मामेबहीण मागच्या बाकावर वही उघडून बसली होती. ‘कबूल’चा रकाना भराभरा भरला. एका बाईंनी पैसे तिथेच काढून दिले आणि पावती हातात पडेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. अध्यक्षांनी तीन अटी घातल्या. परत आल्यावर याच सभेत हिशेब वाचायचा. प्रत्येक खर्चाचा कागद दाखवायचा. आणि तिथे काय झालं ते मराठीत, अर्ध्या तासात, प्रोजेक्टर न लावता सांगायचं. मला आजवर मिळालेल्या कुठल्याही फेलोशिपच्या अटी इतक्या कडक नव्हत्या.

मंडळाने पुढे शक्ती-तुऱ्याचा एक कार्यक्रमही आमच्यासाठी वापरू दिला. मध्यंतरात आम्ही डबा घेऊन रांगांमधून फिरलो. शाहिरांनी सवाल-जवाबात आमच्यावर एक कोपरखळी मारली, दुबईच्या सोन्याची. लोक हसले आणि डब्यात नोटा जरा जास्त पडल्या.

बाकीचं थोडक्यात. दिवाळीत फराळ विकला. आईने, काकूने आणि श्रीवर्धनच्या आजीने चकल्या तळल्या. कमाई बरी झाली, पण त्यांच्या मजुरीचा हिशेब केला असता तर तोटाच निघाला असता. मामेबहिणीने तो रकानाही केला, ‘आईची मजुरी, न दिलेली’. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं आणि तोवर तिकिटं काढून झालेली. काढली ती ‘जमा’ बघूनच. शेवटी कबूल होते ३ लाख १२ हजार, जमा झाले २ लाख ६१ हजार. फरक का पडला ते तिने नावानिशी लिहिलंय. वही तिच्याकडेच आहे, कुणाला दाखवत नाही.

दुबईबद्दल मी फार लिहिणार नाही, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. एक्स्पो सिटी शहराच्या एका टोकाला. बर दुबईहून मेट्रोने तासभर. पहिल्या दिवसांत सुरक्षा तपासणीच्या रांगा लांबच लांब. आत जेवण आमच्या अंदाजपत्रकाच्या बाहेरचं, म्हणून गुहागरच्या काकूंनी दिलेला पोळी-भाजीचा डबा. श्रीवर्धनची आणि मी तो जमिनीवर बसून खायचो. शेजारी कुठल्या तरी पॅसिफिक बेटावरच्या मुली बसायच्या. त्यांनाही वर्गणी काढूनच यावं लागलं होतं. त्यांच्या चर्चमध्ये केक विकले होते. चकलीवर आमची चांगली मैत्री झाली.

पहिल्याच दिवशी, ३० नोव्हेंबरला, नुकसानभरपाईचा तो निधी सुरू करण्याचा निर्णय झाला. आम्हाला मुख्य सभागृहात जागा मिळाली नाही. बाहेर पडद्यासमोर उभं राहून पाहिलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाठोपाठ देशांनी आकडे सांगायला सुरुवात केली. यजमान अमिरातीचे १० कोटी डॉलर. जर्मनीचे १० कोटी. अमेरिकेचे १ कोटी ७५ लाख. जपानचे १ कोटी. परिषद संपेपर्यंत बेरीज ७० कोटी डॉलरच्या वर गेली. गरीब देशांचं दरवर्षीचं नुकसान याच्या कित्येक पट मोठं आहे, हे तिथे प्रत्येकजण सांगत होता.

मी हे आकडे मामेबहिणीला व्हॉट्सअॅपवर पाठवले. तिचं उत्तर आलं: कबूल की जमा?

मी तोच प्रश्न तिथे एका जाणत्या कार्यकर्त्याला विचारला. वर्षानुवर्षं कॉपला येणारा माणूस. तो म्हणाला, कबूल. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनमध्ये सांगितलं होतं की २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. ते २०२० ला झाले नाहीत, २०२१ लाही नाहीत. आणि या नव्या निधीत तर अमुक इतकं दिलंच पाहिजे असं कुणावर बंधनही नाही, ज्याला जे वाटेल ते. मला परळच्या शाळेतल्या त्या बाई आठवल्या, पावती मिळेपर्यंत न हललेल्या. इथे अशी एखादी बाई नेमायला हवी.

पुढच्या दिवसांत आम्ही श्रीवर्धनच्या मैत्रिणीचं म्हणणं दोन ठिकाणी मांडलं. एकदा तरुणांच्या गटाच्या बैठकीत, एकदा छोट्या बागायतदारांवरच्या एका चर्चेत. झाडावर भरपाई, आणि झाड परत धरेपर्यंतच्या वर्षांचं काय, एवढाच मुद्दा. केरळच्या एका अभ्यासकाने वहीत लिहून घेतला. भारतीय प्रतिनिधी मंडळातल्या एका अधिकाऱ्यांनी आपुलकीने ऐकलं आणि दुसऱ्या बैठकीला गेले. ११ डिसेंबरला मणिपूरची लिसिप्रिया कांगुजम, बारा वर्षांची, फलक घेऊन थेट व्यासपीठावर चढली आणि तिला बाहेर नेलं. तो व्हिडिओ गावापर्यंत पोचला. आईचा फोन, “ती तू नव्हतीस ना?”

खालापूरच्याला आम्ही संध्याकाळी भेटायचो. त्याने ग्रीन झोनमधल्या मंडपांमधून फिरून शक्य तितक्या टोप्या, पेनं आणि कापडी पिशव्या गोळा केल्या होत्या. तरुणांच्या परिषदेत मात्र त्याचं काम आमच्यापेक्षा चांगलं झालं, हे मान्य करायला हवं. दरडींच्या पूर्वसूचनेवर तो तिथे नेपाळच्या मुलांबरोबर तास न् तास बसला आणि त्यांच्याशी त्याचा संपर्क अजून चालू आहे. बॅज नसलेला माणूस जास्त काम करून आला.

१३ डिसेंबरला, ठरलेल्या वेळेच्या एक दिवस उशिरा, अंतिम मसुदा मंजूर झाला. जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यात आला. आम्ही तेव्हा घरी पोचलो होतो.

हिशेबाची सभा जानेवारीत झाली, त्याच शाळेत. मी अर्ध्या तासाऐवजी चाळीस मिनिटं घेतली, अध्यक्षांनी दोनदा घड्याळ दाखवलं. गाळवाले काका आले होते. ७० कोटी डॉलरचे रुपये किती म्हणून त्यांनी विचारलं. मी पाच हजार आठशे कोटींच्या आसपास म्हटल्यावर ते म्हणाले, सगळ्या जगाला मिळून? आणि मान हलवून गप्प बसले. मेट्रोच्या तिकिटांचे कागद का नाहीत यावर दहा मिनिटं गेली. कार्डावरच्या खर्चाची छापील यादी निघाली तेव्हा सुटका झाली.

काकूंच्या डब्यांमुळे आणि दिवाणखान्यामुळे १४ हजार ३०० रुपये उरले होते. ते मंदिराच्या रंगात घाला, असा एक सूर निघाला. देणाऱ्यांना हिश्शाने परत करा, असा दुसरा. मामेबहीण पहिल्यांदाच मागच्या बाकावरून बोलली. या सगळ्या प्रकरणात आपला पहिला खर्च पासपोर्टचा झाला, ती म्हणाली, आणि तोही तत्काळचा, म्हणून २००० रुपये उगाच गेले. गावातल्या अठरा वर्षांवरच्या मुलामुलींपैकी कितीजणांकडे पासपोर्ट आहे? वेळ असताना साधा काढला तर १५०० लागतात. नऊ जणांचे होतील.

“पासपोर्ट काढून दिलास तर पोरं आखातात नोकरीला जातील. परिषदेला कोन जातो?”

“गेली तर गेली. आल्यावर वर्गणी जास्त देतील.”

यावर मतदान झालं. थोडक्यात मंजूर झालं, पण दोन अटींवर: नऊपैकी निम्म्या तरी मुली हव्यात, आणि पोलीस पडताळणीला कुणी चहापाणी मागितलं तर ते या निधीतून द्यायचं नाही. आठ अर्ज भरून झाले आहेत. नवव्या मुलीचे कागद रेशनकार्डावरच्या नावातल्या एका वेलांटीमुळे अडकलेत आणि मामेबहीण सध्या त्याच्या मागे आहे.